ऑफिस सुटल्यावर

२५ ऑक्टोबर २०२५, शनिवार

दुपारी बातमी आली, सतीश शाह गेले. वय ७४. याच सोमवारी, ऐन दिवाळीत, असरानी गेले. ऑगस्टच्या अखेरीस, गणपती बसलेले असताना, बाळ कर्वे गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. दोन महिन्यांत तीन माणसं. तिघांनीही आपल्याला हसवलं, आणि तिघांच्याही बातमीखाली तीच दोन-तीन वाक्यं.

संध्याकाळभर सगळीकडे 'साराभाई'तला इंद्रवदन दाखवत होते, नाहीतर 'जाने भी दो यारो'मधलं डिमेलोचं प्रेत. दोन्ही उत्तमच. पण माझ्या मनात सतीश शाह आहेत ते १९८४ सालच्या 'ये जो है जिंदगी'मधले. घर एकच. रणजित म्हणजे शफी इनामदार, रेणू म्हणजे स्वरूप संपत, तिचा भाऊ राजा म्हणजे राकेश बेदी. ही माणसं ठरलेली. आणि दर आठवड्याला दार वाजायचं आणि सतीश शाह कुणीतरी नवाच माणूस होऊन आत यायचे. असे पन्नासहून अधिक वेगवेगळे लोक त्यांनी त्या एका मालिकेत उभे केले. आमच्या चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या खोलीत पोरासोरांसह सगळे दाटीवाटीने बसायचे, आणि पहिल्या पाच मिनिटांत कुजबुज एकच, आज कोण बनून येणार?

हे काम किती अवघड होतं ते मला फार नंतर कळलं. मालिकेतल्या नेहमीच्या पात्रावर प्रेक्षकाचा लोभ जडतो, मग ते पात्र नुसतं आलं तरी लोक हसतात. सतीश शाहांना ती सोय कधीच नव्हती. मागच्या आठवड्याची पुण्याई या आठवड्यात चालायची नाही. चष्मा, चालण्याची ढब, बोलण्याची लकब, एवढ्याच भांडवलावर दर वेळी अनोळखी माणूस म्हणून यायचं आणि अर्ध्या तासात त्याची ओळख पटवून निघून जायचं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला हा कच्छी गुजराती माणूस 'गंमत जंमत'मध्ये मराठीतही तेवढाच आपला वाटला होता.

रात्री वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला. १६ नोव्हेंबरच्या रविवारी सभासदांसमोर 'दूरदर्शनवरची विनोदी माणसं' यावर बोलाल का? लगेच हो म्हटलं. तेवढ्यासाठीच ही वही उघडली आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

शरद जोशी. इथे मराठी वाचकाला शेतकरी संघटनेचे शरद जोशी आठवतात, आणि ते स्वाभाविक आहे. मी म्हणते ते हिंदीतले व्यंगकार, उज्जैनचे, जन्म १९३१. 'ये जो है जिंदगी'चं लेखन त्यांचं. त्याआधी बासू चटर्जींच्या 'छोटी सी बात'चे संवाद त्यांनी लिहिले होते. 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हा स्तंभ ते रोज लिहीत. रोज! विनोद रोज लिहिणं म्हणजे काय हे ज्यांनी लिहिलंय त्यांनाच ठाऊक.

त्यांच्या लिखाणात मला सगळ्यात काय आवडतं? पात्र विनोद करत नाही. पात्राला काहीतरी हवं असतं, मनापासून हवं असतं, ते मिळवायला ते एक साधं खोटं बोलतं, आणि मग ते खोटं सांभाळता सांभाळता त्याची दमछाक होते. हसतो ते आपण. रणजितला बायकोपासून लपवायचं असतं ते एवढंसंच. पण त्या एवढ्याशा गोष्टीत नवरा-बायको, मेहुणा, शेजारी, साहेब सगळे ओढले जातात. त्यातला साहेब टिकू तलसानिया करायचे. घर आणि कचेरी, एवढंच जग.

शरद जोशी १९९१ मध्ये गेले. पुढे २००९ साली त्यांच्या कथांवरून 'लापतागंज' आली, तेव्हा लेखकाचं नाव मालिकेच्या ओळखीतच आलं. लेखकाचं नाव घेऊन टीव्हीवरची विनोदी मालिका उभी राहावी, असं फार क्वचित घडलं आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

भाची फराळाचे डबे परत करायला आली. ती एका विनोदी कार्यक्रमासाठी प्रहसनं लिहिते. मी काय वाचतेय ते पाहून म्हणाली, "मावशी, तुमच्या वेळी यांना लिहून कोण द्यायचं? आणि वेळ किती मिळायचा?"

वेळेचं मला सांगता आलं नाही. पण 'कोण' याचं उत्तर सांगायला बसले आणि तास गेला. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या काळात तिथे विनोद लिहायला, करायला आली ती माणसं नाटकातली आणि आकाशवाणीवरची. बबन प्रभू घ्या. आकाशवाणीत नोकरी, आणि 'झोपी गेलेला जागा झाला', 'दिनूच्या सासूबाई राधाबाई' ही त्यांची फार्स नाटकं. याकूब सईद आणि बबन प्रभू या जोडीचा 'हास परिहास' दूरदर्शनवर लागायचा. माझ्या ताईला तो कार्यक्रम अजून आठवतो, मला पुसटसा. दोन माणसं, जवळजवळ काहीच नेपथ्य नाही, आणि संवादाची अशी फेक की वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य टपकलेलं. बबन प्रभूंना आवाजाच्या माध्यमाची सवय होती. श्रोत्याला काही दिसत नसताना हसवायचं असेल तर शब्द कुठे तोडायचा हे नेमकं ठाऊक असावं लागतं. टीव्हीवर आले तेव्हा ते ज्ञान त्यांच्या गाठीला होतं.

मग 'गजरा'. छोटी छोटी प्रहसनं एका सूत्रात ओवलेली. विनायक चासकर, विनय आपटे ही दूरदर्शनमधली मंडळी त्यामागे. आज ज्यांना आपण ज्येष्ठ म्हणतो त्यांतल्या कितीतरी नटनट्यांना घरोघर प्रथम पोचवलं ते 'गजरा'ने. विनय आपटे पुढे करड्या, दरडावणाऱ्या भूमिकांसाठी ओळखले गेले, पण त्यांनी लोकांना हसवण्याचं किती काम करून घेतलं हे विसरलं जाऊ नये.

भाची जाताना म्हणाली, "आम्हाला हे कुणी शिकवतच नाही गं." वाईट वाटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

आज फक्त 'चिमणराव-गुंड्याभाऊ'.

चिं. वि. जोशी, जन्म १८९२. बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे गाढे अभ्यासक. एवढ्या गंभीर विद्येच्या माणसाने 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावांचे चऱ्हाट' लिहिली. चिमणराव पडद्यावर आधीही येऊन गेले होते. १९४० चा 'लग्न पहावं करून', १९४२ चा 'सरकारी पाहुणे'. त्यांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पण माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर चिमणराव उभे राहतात ते १९७७ पासून मुंबई दूरदर्शनवर लागलेल्या मालिकेतलेच. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. निर्मितीमागे विजया जोगळेकर-धुमाळे आणि पुन्हा तेच याकूब सईद. मराठीत मालिका म्हणून घरोघरी ज्यांची वाट पाहिली गेली असे हे पहिलेच दोघे.

आज मूळ कथा पुन्हा चाळल्या आणि एक गोष्ट स्पष्ट झाली. या कथा चिमणराव स्वतः सांगतात. आपल्यावर आलेले प्रसंग ते गांभीर्याने, थोड्या दुखावलेल्या सुरात नोंदवतात. आपण हास्यास्पद दिसतोय याचा त्यांना पत्ताच नसतो. सगळी गंमत त्या अजाण सुरात आहे. आता हे पडद्यावर आणायचं कसं? निवेदन गेलं की तो सूरही गेला. उरतो फक्त प्रसंग, आणि नुसत्या प्रसंगात धडपडणं, फजिती होणं एवढंच हाती लागतं.

प्रभावळकरांनी तो सूर चेहऱ्यावर आणला. त्यांचे चिमणराव कधीही विनोदी दिसायचा प्रयत्न करत नाहीत. किरकोळ अंगाचा, अब्रूला जपणारा, कुणाला नाही म्हणता न येणारा गृहस्थ. संकट आलं की भुवया किंचित वर जातात, घसा साफ केला जातो, आणि मग तो माणूस अत्यंत सभ्यपणे आणखी खड्ड्यात जातो. प्रभावळकर तेव्हा जेमतेम तिशी ओलांडलेले, पण संसारात मुरलेला चिमणराव त्यांच्या अंगात पुरता मुरला होता.

आणि गुंड्याभाऊ. हे पात्र ओरडून, मिश्या पिळून करता आलं असतं, तशी करणारे पुष्कळ निघाले असते. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ आडदांड आहे पण भाबडा आहे. त्याचा चिमणवर जीव आहे. तो जे काही उलटंपालटं करतो ते चिमणला मदत म्हणून. त्यांच्या तोंडची 'चिमण' ही हाक मला अजून ऐकू येते. त्या हाकेत धाक नव्हता, माया होती. म्हणून फजितीनंतर ते दोघं शेजारी उभे राहिले की हसता हसता गलबलून यायचं.

कृष्णधवल पडदा, मोजकं नेपथ्य, तीन भिंतींचं घर. कशाचीही उणीव भासली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

टाचणं काढता काढता एक धागा हाताला लागला आहे. बाळ कर्वे मुंबई महानगरपालिकेत इंजिनिअर होते, तिथे त्यांनी तीसहून अधिक वर्षं नोकरी केली. अशोक सराफ स्टेट बँकेत होते. रीमा लागू युनियन बँकेत होत्या. 'वागळे की दुनिया'चे अंजन श्रीवास्तव अलाहाबाद बँकेत होते. बबन प्रभू आकाशवाणीत. चिं. वि. जोशी प्राध्यापक.

मी स्वतः सारी हयात बँकेत काढली, त्यामुळे मला हे चित्र अगदी डोळ्यांसमोर दिसतं. मुंबईतल्या बँका, पालिका, रेल्वे, विमा कंपन्या यांच्या नाट्यशाखा असायच्या. आंतरबँक एकांकिका स्पर्धा व्हायच्या. पाच-साडेपाचला हिशेब जुळला की कॅन्टीनची टेबलं बाजूला सारून तालीम. शेवटची लोकल गाठायची घाई. सकाळी पुन्हा काउंटर. नाटकात चांगला असलेल्याला साहेब जरा सवलत देत, ती सवलत सहकारी सांभाळून घेत. यातूनच किती नट घडले!

एरवी हे 'नोकरी सांभाळून कला जपली' म्हणून कौतुकाने सांगितलं जातं. मला वेगळं म्हणायचं आहे. नोकरी हीच त्यांची शाळा होती. काउंटरच्या अलीकडे बसलेल्या माणसाला दिवसभर माणसं पाहायला मिळतात. सही जुळत नाही म्हणून संतापलेले काका, पेन मागून घेऊन परत न देणारे, रजेच्या अर्जात दरवर्षी नवं कारण शोधणारा शिपाई, साहेबांच्या केबिनमध्ये शिरताना बदलणारी शेजारच्याची चाल. हा साठा विकत मिळत नाही. त्या काळातला टीव्हीवरचा विनोद हा नोकरदार माणसांनी नोकरदार माणसांविषयी, नोकरदार प्रेक्षकांसाठी केलेला विनोद होता. म्हणून तो खोटा वाटत नसे. मी रविवारी हेच मांडणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आणि खरंच, पात्रं आठवून पाहिली तर सगळी कचेरीतलीच! चिमणराव कारकून. श्रीनिवास वागळे कारकून. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेला मुंगेरीलालही साधा नोकरदार, रघुवीर यादवांनी केलेला. साहेबाने झापलं की हा डोळे मिटून स्वप्नात साहेबालाच झापणार.

'वागळे की दुनिया' १९८८ सालची. पात्रं आर. के. लक्ष्मण यांची, दिग्दर्शन कुंदन शाह यांचं, निर्मिती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. लक्ष्मण यांचा व्यंगचित्रातला कॉमन मॅन कधी तोंड उघडत नाही. वागळे बोलतो, पण त्याचंही ऐकतंय कोण? अंजन श्रीवास्तव यांनी तो केला तो एका खास घाईने. वागळे सतत उशिरा निघालेला असतो. वाक्य अर्धं टाकून बूट घालतो. काही फार मोठं घडत नाही त्याच्या आयुष्यात. त्या मालिकेचं मोठेपण यात आहे की तिने लहान गोष्ट लहानच ठेवली आणि तरी ती आपल्याला पुरली.

भारती आचरेकरांच्या राधिका वागळेबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. माणिक वर्मांची ही मुलगी, गळ्यातला सूर बोलण्यातही आहे. नवरा तावातावाने काही सांगत असतो आणि राधिका हातातलं काम न सोडता ऐकते. मध्येच एक 'हं'. त्या एका हुंकारात 'हे मी आधीच सांगितलं होतं' हे सगळं येतं. विनोदी दृश्यात ऐकणाऱ्याचं काम बोलणाऱ्याइतकंच असतं, किंबहुना हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर फुटतो. २०२१ मध्ये मालिका नव्या रूपात आली तेव्हा हे दोघं थोरले वागळे म्हणून पुन्हा आले. तीसहून अधिक वर्षांनी तीच दोन माणसं तेच नवरा-बायको म्हणून पडद्यावर येणं, ही आपल्या टीव्हीच्या इतिहासातली दुर्मिळ गोष्ट आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

जसपाल भट्टींचा 'फ्लॉप शो' पुन्हा पाहिला. १९८९. अवघे दहा भाग! शिक्षणाने इंजिनिअर, चंदीगडचा माणूस. प्रत्येक भाग ज्यांच्यावर टीका केली त्यांनाच अर्पण केलेला असायचा. सरकारी दूरदर्शनवरून सरकारी कारभाराची अशी हजेरी घेणं, आणि तीही आवाज न चढवता. निर्मिती सविता भट्टींची, त्या काम करायच्याही. त्यांचे सहकारी विवेक शौक २०११ मध्ये गेले, भट्टी २०१२ मध्ये रस्ते अपघातात. तारीख २५ ऑक्टोबर, म्हणजे सतीश शाह गेले तीच.

मराठीत बोलायचं आहे म्हणून भट्टींना गाळायचं का, हा विचार आला होता. नाही गाळणार. आमच्या बँकेच्या जेवणाच्या सुट्टीत 'फ्लॉप शो'वर जितकी चर्चा झाली तितकी पगारवाढीवर झाली असेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

पु. लं.चा वाढदिवस. पु. ल. म्हटलं की पुस्तकं, नाटकं, पेटी, कॅसेटी आठवतात. पण भारतात दूरचित्रवाणी १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झाली तेव्हाच्या पहिल्यावहिल्या निर्मात्यांत पु. ल. होते. बीबीसीत जाऊन त्यांनी हे तंत्र शिकून घेतलं होतं. नव्या माध्यमाच्या पायाभरणीला एक विनोदी लेखक बसवावा असं तेव्हा कुणालातरी वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि 'असा मी असामी'? बेन्सन जॉन्सन कंपनीतला कारकून! पु. लं.नी स्वतः उमेदीच्या काळात कारकुनी केलेली. माझा धागा इथेही गाठ मारून बसला.

१० नोव्हेंबर, सोमवार

भाषणात दाखवायला 'चिमणराव'चे तुकडे शोधतेय. फार थोडे भाग मिळतात. 'हास परिहास'चा तर मागमूस नाही. त्या दिवसांत व्हिडिओ टेप महाग होती, तीच टेप पुसून पुन्हा वापरली जाई. पुसणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. उद्याचा कार्यक्रम चित्रमुद्रित करायला टेप हवी, कपाटात आहे तीच घ्या. नाटकाचा प्रयोग जसा झाला की संपतो तसंच टीव्हीचंही असतं, अशीच समजूत होती. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनेही हेच केलं. त्यांच्या 'डॅड्स आर्मी' या गाजलेल्या विनोदी मालिकेचे १९६९ सालातले तीन भाग आजतागायत सापडलेले नाहीत.

पण नुकसान ते नुकसानच. बाळ कर्वे गेले तेव्हा सगळीकडे तीच दोन-चार छायाचित्रं फिरत होती, कारण दाखवायला दुसरं फारसं काही उरलेलंच नाही. गंभीर नाटकाची संहिता छापली जाते, तिची समीक्षा होते, विद्यापीठात ती अभ्यासाला लागते. टीव्हीवरच्या विनोदाची संहितासुद्धा कुणी जपली नाही. विनोद म्हणजे हलकंफुलकं, तात्पुरतं, ही आपली समजूत त्याला कारण आहे, आणि ही समजूत चुकीची आहे. अशोक सराफांना महाराष्ट्रभूषण आणि पद्मश्री मिळायला सत्तरी उलटून जावी लागली. त्यांच्या काळातल्या अनेकांना तेवढं आयुष्यही मिळालं नाही. लक्ष्मीकांत बेर्डे अवघ्या पन्नाशीत गेले. टीव्हीवर हसवणारे शफी इनामदार, मोहन गोखले, जतीन कनाकिया, सगळे लवकर गेले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रीमा लागू. सिनेमाने त्यांना आईच्या साच्यात घातलं. टीव्हीने मात्र १९९४ मध्ये 'तू तू मैं मैं'मध्ये त्यांना सासू दिली आणि त्या सुटल्या! सून सुप्रिया पिळगावकर, दिग्दर्शन सचिनचं. सासू-सुनेचं भांडण हा मराठी घरातला कितीतरी जुना विषय. रीमाताईंनी त्या सासूला बिनडोक खलनायिका होऊ दिलं नाही. तिला सुनेशी भांडायला मनापासून आवडतं, सून माहेरी गेली की घर तिला खायला उठतं. दोघी एकमेकींच्या वाक्याची वाट पाहतात, वाक्यावर पाय देत नाहीत. ही नाटकाची शिस्त. रीमाताईंची आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या, म्हणजे घरातच शाळा होती. त्यात भर पडली ती बँकेच्या नाट्यस्पर्धांची.

प्रिया तेंडुलकर १९८५ च्या 'रजनी'मुळे घराघरांत पोचल्या. ती काही विनोदी मालिका नव्हे. पण पुढे 'हम पांच'मध्ये त्यांनी जे केलं ते मला विलक्षण वाटतं. भिंतीवरच्या फोटोतली मृत पहिली बायको! हालचाल करता येत नाही, चौकटीबाहेर जाता येत नाही, फक्त चेहरा आणि आवाज. खाली अशोक सराफ पाच मुली आणि दुसरी बायको यांच्या मध्ये सापडलेले, आणि वर फोटोतून टोमणे. अशोक सराफ त्या फोटोकडे ज्या अजिजीने बघायचे, त्यावर एक वेगळं भाषण होईल. प्रियाताई कथाही लिहायच्या, लेखकाच्या घरातल्या होत्या. कुठला शब्द वजनदार हे त्यांना कळत होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटचं टाचण 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चं. २००१, तेव्हाची अल्फा मराठी वाहिनी, दिग्दर्शक केदार शिंदे. मूळ प्रभावळकरांची 'अनुदिनी'. वृत्तपत्रातल्या लेखमालेचं पुस्तक झालं आणि पुस्तकाची मालिका. एकाच घरातली माणसं आपापली रोजनिशी लिहितात, आणि एकाच दिवसाबद्दल प्रत्येकाचं म्हणणं निराळं. त्या रोजनिश्या एकाच लेखकाने लिहिल्या आहेत हे वाचताना जाणवतही नाही. शिऱ्याची भाषा वेगळी, शलाकाची वेगळी, आबांची वेगळी. चिमणराव करणारा नट पंचवीसेक वर्षांनी स्वतः लिहिलेल्या घरात आजोबा म्हणून बसला. चिं. विं.नी सांगितलेली रीत, म्हणजे माणसाने स्वतःचं हसू होतंय हे न कळता आपली हकिगत सांगायची, ती इथे पुरेपूर उतरली आहे. चिमणराव करता करता ते चिं. विं.कडे लिहायलाही शिकले, असं माझं ठाम मत आहे.

राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक, सगळ्यांचीच कामं नेटकी. शुभांगीताईंची श्यामला तर आमच्या मजल्यावर राहते असं वाटायचं.

प्रभावळकर ८१ वर्षांचे आहेत. याच सप्टेंबरात 'दशावतार'मध्ये त्यांचं काम पाहून आले. अंगात तेवढीच ताकद.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाषण झालं. सभागृह भरलं होतं, बहुतेक निवृत्त मंडळी. 'आंतरबँक' म्हटल्याबरोबर मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. नंतर एक आजोबा भेटले, पालिकेतून निवृत्त झालेले. म्हणाले, "कर्वेसाहेब आमच्यात काम करायचे तेव्हा गुंड्याभाऊ बघायला लोक काहीतरी काम काढून ऑफिसात यायचे." खरं असणार, त्यांच्या चेहऱ्यावर अजून ते दिवस होते.

भाची आली होती. घरी परतताना रिक्षात म्हणाली, "मी आता पुढच्या आठवड्यात दोन दिवस तहसील कचेरीत जाऊन बसणार आहे. नुसती बसणार आणि ऐकणार."

१७ नोव्हेंबर, सोमवार

कालच्या सभेत एका बाईंनी सांगितलं की त्यांच्या माळ्यावर नव्वदच्या दशकातल्या व्हीएचएस कॅसेटी आहेत, दूरदर्शनवरून घरी रेकॉर्ड केलेल्या. एकांकिका, प्रहसनं, मुलाखती, काय काय आहे ते त्यांनाही आठवत नाही. टाकून द्यायच्या बेतात होत्या. मी त्यांना थांबवलं आहे.

हे वाचणाऱ्यांनाही तेच सांगते. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशा कॅसेटी असतील, ऑफिसच्या नाट्यशाखेच्या हस्तलिखित संहिता असतील, स्पर्धेची स्मरणिका असेल, तर रद्दीत घालू नका. चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते, आणखी काही वर्षांनी ती यंत्रात फिरणारही नाही. व्हीएचएसवरचं संगणकावर उतरवून देणारे अजून बऱ्याच शहरांत आहेत, खर्च आवाक्यातला असतो. आधी ते करून घ्या. मग वरची चिठ्ठी वाचा, त्यावर लेखकाचं नाव नसेल तर ज्यांना आठवत असेल त्यांना विचारून लिहून ठेवा. आठवणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. या आठवड्यातच फोन करा.